जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २२: कुणी घ्यावं, कसं बसवावं, कुठे अडतं

कोथरूड असो, सदाशिव पेठ असो की चिंचवड, घरातला आठ-दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप उघडला की आतला ऐवज साधारण सारखाच निघतो: चौथ्या किंवा सहाव्या पिढीचा इंटेल आय-थ्री, एच-८१ नाहीतर एच-११० चिपसेटचा मदरबोर्ड (पुढे नुसता 'बोर्ड'), ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. नावनोंदणी केली तर घरगुती यंत्राला सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची सोय) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे ही यंत्रं नियमात बसत नाहीत. आडवाटेने ११ बसवणारे आहेत, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात तिथे हा जुगार नको.

अशा यंत्रासाठी, विंडोजऐवजी बसवता येणारी लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टिम कितपत चांगली, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. मिंट २००६ पासून चालत आलेलं आहे, फुकट आहे आणि उबंटू या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमच्या पायावर उभं आहे. २२ ही मालिका जुलै २०२४ मध्ये आली, तिचा पाया उबंटू २४.०४ चा आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. निवाडा सुरुवातीलाच सांगून टाकतो: ब्राउझर, बँकिंग, अभ्यास, मराठी लेखन, फोटो, व्हिडिओ आणि साधं ऑफिसचं काम एवढीच गरज असेल तर डोळे झाकून घ्या. टॅली, डिजिटल सहीचं टोकन किंवा छपाईचं जुनं डीटीपी यांवर पोट चालत असेल तर ते यंत्र मिंटवर नेऊ नका. मधल्या लोकांसाठी पुढचं सगळं लिहिलं आहे.

आधी एसएसडी, मग मिंट

मिंट टाकलं की जुनं यंत्र आपोआप पळायला लागतं, असा एक समज पसरलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. यंत्र रेंगाळतं त्याचं मुख्य कारण फिरती डिस्क. तिचं हेड सेकंदाला फार तर शंभरेक ठिकाणी जाऊन वाचू शकतं. साध्या साटा केबलने जोडायची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, तेवढ्याच वेळात हजारो ठिकाणचं वाचते. सिस्टिम सुरू होताना आणि ब्राउझर उघडताना शेकडो छोट्या फायली इकडून तिकडून वाचाव्या लागतात, त्यामुळे फिरत्या डिस्कवर मिंटही घुटमळतं. एसएसडी घ्यायची नसेल तर मिंट बसवण्याचा निम्मा फायदा सोडून दिला असं समजा.

२४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी पुरते. एच-८१ बोर्डावर एम.२ चा स्लॉट (एनव्हीएमई एसएसडी बसते ती खाच) सहसा नसतो, म्हणून तपकीर गल्लीतल्या संगणकाच्या बाजारात कुणी 'एनव्हीएमई न्या, जास्त फास्ट' म्हणाला तरी आधी बोर्डाचं मॉडेल पाहून घ्या. एच-८१ वर साटाचे चार पोर्ट असतात, त्यांतले दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे. एसएसडी ६ वाल्या पोर्टात लावा. बहुतेक बोर्डांवर रंग वेगळा असतो, नाहीतर शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. सोबत एक साटा डेटा केबल घ्या आणि पॉवर सप्लायचा साटाचा फाटा मोकळा आहे ना, ते कॅबिनेट उघडून पाहूनच दुकानात जा.

रॅम ४ ची ८ करा. सिस्टिमला ४ जीबीही पुरते, पण आजचे ब्राउझर पुरू देत नाहीत. इथे एक फसगत ठरलेली आहे. ८ जीबीची डीडीआर-३ रॅम फारच स्वस्त दिसली तर पाकिटावर 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलंय का ते बघा. त्या पट्टीवरच्या चिपची रचना इंटेलच्या त्या काळातल्या बोर्डांना वाचता येत नाही. पट्टी लावली की स्क्रीन काळाच राहतो, नाहीतर नुसते बीप येतात, आणि दोष बोर्डावर जातो. एच-११० मध्ये काही बोर्ड डीडीआर-३ एल घेतात, काही डीडीआर-४. खाच वेगळी असते, जबरदस्ती करू नका. जुनी पट्टी सोबत नेणं सगळ्यात सोपं. नवी लावल्यावर मेमटेस्ट-८६-प्लस या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक पूर्ण फेरी होऊ द्या, कारण खराब रॅमवर सिस्टिम बसवली तर चुका महिन्याभराने आणि भलत्याच ठिकाणी उगवतात.

कॅबिनेट उघडलंच आहे तर बोर्डावरचा सीआर-२०३२ सेलही बदला. तो संपलेला असला की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते, ब्राउझर प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणतो, अपडेट अडतात आणि लोक मिंटला बोल लावतात. दहा मिनिटांचं काम आहे.

कोणती आवृत्ती

मिंट तीन रूपांत मिळतं: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर सिनॅमन घ्या, दुसरा विचार नको. ४ जीबीवरच थांबायचं असेल तर एक्सएफसीई. नुसतं सुरू करून ठेवलं तर सिनॅमन एक ते सव्वा जीबीच्या आसपास रॅम घेतं, एक्सएफसीई त्याहून काहीशे एमबी कमी. हा फरक ब्राउझरच्या दोन-चार टॅबइतकाच आहे, म्हणून ८ जीबीच्या यंत्रावर 'हलकं' म्हणून एक्सएफसीई घेणाऱ्यांचा हिशेब आम्हाला पटत नाही. सिनॅमनची मांडणी विंडोज वापरलेल्या माणसाला शिकवावी लागत नाही: खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. घरात आजी-आजोबा यंत्र वापरणार असतील तर हा मुद्दा रॅमपेक्षा मोठा.

बसवताना

मिंट बसवायची आयएसओ फाइल ३ जीबीच्या आतबाहेर आहे, ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. फाइल मिंटच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि तिथे दिलेला एसएचए-२५६ चा आकडा जुळवून पाहा. डाउनलोड अर्धवट तुटलेलं असेल तर बसवणं नेमकं सत्तर-ऐंशी टक्क्यांवर अडतं आणि कारण कळत नाही. हा आकडा जुळवला की ती शंका मिटते. विंडोजवर पेनड्राइव्ह बनवायला रुफस किंवा बलेना एचर, दोन्ही चांगले. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेवढं लक्षात ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. नवी एसएसडी लावलीत ना, तर विंडोजवाल्या जुन्या डिस्कची साटा केबल मिंट बसवताना काढून ठेवा. मिंटच्या इन्स्टॉलरची जुनी खोड अशी, की यूईएफआय (बायोसचं नवं रूप) असलेल्या यंत्रावर दोन डिस्क असल्या तर तुम्ही बूटलोडरसाठी, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, एसएसडी निवडली तरी तो पहिल्या सापडलेल्या ईएफआय विभागात, म्हणजे बऱ्याचदा विंडोजच्या डिस्कवर, जाऊन बसतो. पुढे कधीतरी ती डिस्क काढली की मिंट सुरूच होत नाही. केबल काढलेली असेल तर 'संपूर्ण डिस्क पुसून बसवा' हा सोपा पर्याय निर्धास्त निवडता येतो, कारण पुसायला समोर फक्त एसएसडी असते. काम झालं की केबल परत लावा. विंडोज हवं तेव्हा यंत्र सुरू होताना बूट मेनूची कळ दाबून डिस्क निवडायची: गिगाबाइट आणि डेलवर एफ-१२, एसूसवर एफ-८, एमएसआयवर एफ-११, एचपीवर एफ-९.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं की लगेच बसवू नका. ते न बसवताही चालतं, त्याचा फायदा घ्या. आवाज येतो का, वायफायचा डोंगल ओळखला का, स्क्रीनचं रिझोल्यूशन बरोबर आहे का, प्रिंटर दिसतो का, हे सगळं तिथेच तपासता येतं. एनव्हीडियाचं कार्ड असलेल्या यंत्रावर सुरुवातीलाच स्क्रीन काळा पडला तर बूट मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा आणि बसवून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर घ्या. जीटी २१० किंवा जीटी ६१० इतकं जुनं कार्ड असेल तर एनव्हीडियाचा स्वतःचा ड्रायव्हर २२ वर मिळत नाही, नूवो नावाचा मुक्त ड्रायव्हरच राहतो. तेव्हा ते कार्ड काढून केबल बोर्डावरच्या इंटेल ग्राफिक्सला लावणं जास्त शहाणपणाचं. इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नसेल, तर बायोसमध्ये साटा मोड 'रेड' किंवा 'आरएसटी' वर आहे; तो 'एएचसीआय' करावा लागतो. पण त्याच डिस्कवर विंडोज असेल तर हा बदल अचानक केल्याने विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं, म्हणून आधी विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू करण्याची तयारी ठेवा.

बसवताना 'मल्टिमीडिया कोडेक' (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणारे भाग) च्या चौकोनात खूण करायला विसरू नका. प्रदेश भारत निवडला की कागद ए-फोर येतो. अमेरिकन इंग्रजी तसंच राहिलं तर प्रिंटर लेटर आकाराचा कागद मागत बसतो.

दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्यांना दुसऱ्याच दिवशी दोन गोष्टी दिसतात. पहिली: मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. बोर्डावरच्या घड्याळात मिंट जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं, म्हणून फरक बरोबर साडेपाच तासांचा पडतो. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' च्या आज्ञेने मिंटला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की भांडण मिटतं. दुसरी: विंडोजच्या डिस्कवरच्या फायली मिंटमधून उघडतात, पण बदलता येत नाहीत. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' यंत्र पूर्ण बंद करत नाही, अर्धवट झोपवतं, आणि अशा डिस्कवर लिहिणं धोक्याचं म्हणून मिंट फक्त वाचू देतं. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा आणि विंडोज एकदा शट डाउन करा. डिस्कवर बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा.

पहिल्या तासात काय लावायचं

अपडेट मॅनेजर उघडला की तो जवळचा मिरर (अपडेट उतरवायचा सर्व्हर) निवडायला सुचवतो. हो म्हणा आणि यादीतला सगळ्यात वेगवान दिसेल तो घ्या. मग सगळे अपडेट करा. याच मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'ऑटोमेशन' या भागात जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) आपोआप काढण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. नाहीतर वर्षभरात अनेक कर्नल साठतात आणि जागा खातात.

टाइमशिफ्ट हे मिंटचं सगळ्यात मोलाचं अवजार, आणि निष्काळजीपणे लावलं तर सगळ्यात त्रासदायकही. ते सिस्टिमचा फोटो, म्हणजे स्नॅपशॉट, काढून ठेवतं. अपडेटनंतर काही बिघडलं तर दहा-पंधरा मिनिटांत आधीच्या स्थितीत परत जाता येतं. पहिला स्नॅपशॉट सिस्टिमएवढाच, म्हणजे दहा-बारा जीबीचा असतो. पुढचे फक्त बदललेल्या फायलींपुरते. रोजचे दोन आणि आठवड्याचा एक, यापेक्षा जास्त ठेवू नका. सिस्टिमच्या विभागाला ३० जीबीच जागा देऊन त्यावर रोजचे पाच आणि महिन्याचे दोन असा थाट मांडला की एके दिवशी डिस्क शंभर टक्के भरते. लक्षण ठरलेलं आहे: पासवर्ड बरोबर टाकला तरी पुन्हा लॉगिनचाच स्क्रीन. तेव्हा कंट्रोल-ऑल्ट-एफ-थ्री दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन करायचं आणि तिथून जुने स्नॅपशॉट पुसायचे. स्नॅपशॉट जुन्या डिस्कवर ठेवायचे असतील तर तिथे ईएक्सटी-४ या लिनक्सच्या पद्धतीचा वेगळा विभाग करावा लागतो, विंडोजच्या एनटीएफएसवर ते बसत नाहीत. आणि हे नीट लक्षात घ्या: टाइमशिफ्ट तुमच्या होम फोल्डरमधले फोटो, पत्रं, हिशेब यांना हात लावत नाही. त्यांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर वेगळाच घ्यायचा.

'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स' मध्ये जाऊन नको ते बंद करा. डेस्कटॉपला ब्लूटूथ नसेल तर ब्लूमॅन, आणि फायली पाठवणारा वॉर्पिनेटर वापरत नसाल तर तोही. यातून फार काही वाचत नाही, तरी ४ जीबीच्या यंत्रावर उपयोग होतो. तिथे खरा फरक पडतो तो झेडरॅमने. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'झेडरॅम-कॉन्फिग' बसवलं की रॅमचाच एक भाग त्यातला मजकूर दाबून, लहान करून ठेवायला वापरला जातो. डिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा, म्हणजे रॅम अपुरी पडली की तिच्यातलं डिस्कवर हलवण्यापेक्षा, ते कितीतरी वेगवान. टॅब बदलताना यंत्र गोठतं ते बरंच कमी होतं. स्वॅप कमी व्हावं म्हणून 'स्वॅपिनेस दहा करा' हा सल्ला जागोजागी मिळेल. एसएसडीवर त्याने जाणवेल असा फरक पडत नाही, वेळ घालवू नका. एसएसडीवरची पुसलेली जागा मोकळी करणारं ट्रिम आठवड्यातून एकदा आपोआप होतं, तेही हाताने लावायला नको.

पावसाळ्यात वीज जाणं-येणं चालूच असतं. ईएक्सटी-४ जर्नल (होणाऱ्या बदलांची नोंद) ठेवतं, त्यामुळे अचानक बंद पडल्यावरही सिस्टिम सहसा सावरते, पण अपडेट चालू असताना वीज गेली तर पॅकेज अर्धवट राहतात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस डेस्कटॉप आणि राउटरला पुरतो. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते. यूपीएस न बदलता नुसती बॅटरी बदलून मिळते.

मराठी

इथे मिंट विंडोजपेक्षा कमी नाही, काही बाबतीत पुढेच आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट्स, अधिकची खूण, आणि मराठी शोधा. दोन पर्याय कामाचे. 'मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' आणि 'मराठी कागपा फोनेटिक'. दोन्ही सिस्टिमच्या मूळ कीबोर्डातच आहेत, वेगळं काही बसवावं लागत नाही.

इनस्क्रिप्ट हा भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या प्रमाणात असलेला आराखडा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. 'पुणे' लिहायला एच, जी, शिफ्ट-सी, एस. 'डी' ही कळ हलंताची, म्हणजे पाय मोडायची. मराठीला अत्यंत गरजेचा असलेला अर्धा र इथे सरळ येतो: 'तऱ्हा' साठी एल, मग शिफ्ट-जे, डी, यू, ई. शिफ्ट-जे हा नुक्ता असलेला ऱ, त्याचा पाय मोडला की पुढच्या अक्षराला तो चंद्रकोरीसारखा जोडून बसतो. साधा 'जे' वापरलात तर रफार येतो आणि 'तर्हा' असं चुकीचं दिसतं. ळ साठी शिफ्ट-एन. हाताला वळण पडायला वेळ लागतो, पण विंडोज आणि मिंट दोन्हीकडे तोच आराखडा चालतो, म्हणून शिकलेलं वाया जात नाही. शाळकरी मुलांना थेट हाच शिकवावा, असं आमचं ठाम मत आहे.

रोमन अक्षरांवर हात बसलेल्यांसाठी कागपा. पी, यू, शिफ्ट-एन, ई असं टाकलं की 'पुणे'. पण हे मोबाइलवरच्या लिप्यंतरासारखं नाही, ते आधी समजून घ्या. इथे व्यंजनात अ धरलेलाच आहे. जोडाक्षर हवं तर मध्ये एफ दाबायचा. 'स्वर' म्हणजे एस, एफ, व्ही, आर. यू दाबला की उकाराची मात्रा येते. सुटा 'उ' हवा असेल तर उजवं ऑल्ट धरून यू. एवढ्या दोन गोष्टी कळल्या नाहीत की लोक 'हे चालत नाही' म्हणून सोडून देतात.

लेआउटच्या यादीत इंग्रजी सगळ्यात वर ठेवा. मराठी वर गेलं तर लॉगिनच्या स्क्रीनवर पासवर्डही देवनागरीत जातो आणि 'चुकीचा पासवर्ड' येत राहतो. ठिपक्यांमुळे काय टाइप होतंय ते दिसत नाही, त्यामुळे कारण सापडायला वेळ लागतो.

अक्षरांच्या वळणाचा मुद्दा बहुतेक परीक्षणांत सुटतो. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगितल्याशिवाय मराठी वळण येत नाही. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स या भागात जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा आणि त्याची भाषा मराठी निवडा. तिथूनच रायटरच्या 'बेसिक फॉन्ट्स' मध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार ठरवता येतो. लिबरऑफिस इंग्रजी आणि देवनागरीचा आकार स्वतंत्र ठेवतं. इंग्रजी १२ असेल तेव्हा देवनागरी १४ ठेवली की पान डोळ्यांना समतोल दिसतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून लोहित मराठी घ्या, आणि मुक्त परवान्याचा मुक्ता हा फॉन्ट उतरवून ठेवा. लेखाला आणि पत्राला दोन्ही छान.

सरकारी कचेरीतून आलेली मंगल फॉन्टमधली फाइल मिंटवर उघडते, वाचताही येते, पण मंगल नसल्याने दुसरा फॉन्ट बसतो आणि ओळी, पानं सरकतात. फाइल नुसती वाचून उत्तर द्यायचं असेल तर हरकत नाही. तोच आराखडा जसाच्या तसा परत पाठवायचा असेल तर पीडीएफ करून पाठवा.

रोजच्या वापरात हाताशी येणाऱ्या गोष्टी

फाइल मॅनेजर निमो. एफ-थ्री दाबला की खिडकी दुभंगते आणि पेनड्राइव्ह एका बाजूला, फोल्डर दुसऱ्या बाजूला ठेवून काम करता येतं. लग्नाचे चारशे फोटो निवडून एफ-टू दाबा, बल्की नावाची खिडकी उघडते आणि सगळ्यांची नावं एका झटक्यात अनुक्रमाने बदलतात. कंट्रोल-ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की सगळे वर्कस्पेस (वेगवेगळे डेस्कटॉप) एकत्र दिसतात, खालचा बाण दाबला की चालू असलेल्या सगळ्या खिडक्या. डेस्कटॉप गोठल्यासारखा वाटला तर बटण दाबून यंत्र बंद करू नका, कंट्रोल-ऑल्ट-एस्केप दाबा. सिनॅमन नव्याने सुरू होतं आणि उघडलेल्या फायली तशाच राहतात.

वेब ॲप्स नावाच्या छोट्या अवजाराने व्हॉट्सॲप वेबसारखी कुठलीही साइट स्वतंत्र खिडकी आणि आयकॉनसह ठेवता येते. घरातल्या ज्येष्ठांना टॅब शोधत बसावं लागत नाही. एका घरातल्या दोन यंत्रांमध्ये फायली पाठवायला वॉर्पिनेटर. दुसरं यंत्र दिसत नसेल तर दोन कारणं तपासा: फायरवॉलमध्ये ४२००० हा पोर्ट उघडा नाही, किंवा राउटरवर एकमेकांना न दिसण्याची सोय, म्हणजे एपी आयसोलेशन, चालू आहे.

यूट्यूब अडखळतं, ही चौथ्या पिढीच्या यंत्रांची नेहमीची तक्रार. यूट्यूब व्हिडिओ व्हीपी-९ किंवा एव्ही-१ या पद्धतीने दाबून पाठवतं; तो उलगडण्याची सोय त्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. ब्राउझरमध्ये एच-२६४-इफाय हे एक्स्टेन्शन घातलं की यूट्यूब एच-२६४ पाठवतं आणि १०८० चा व्हिडिओ सरळ चालतो. त्याहून मोठं रिझोल्यूशन मिळत नाही, पण अशा यंत्राच्या मॉनिटरला ते लागतही नाही.

कुठे अडतं

प्रिंटर आधी पाहा. नेटवर्कवरचे अलीकडचे प्रिंटर ड्रायव्हरशिवाय आपोआप लागतात. एप्सन आणि ब्रदरचे ड्रायव्हर मिळतात. एचपीचा लेझरजेट १०२० लागतो, पण त्याला एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हरचं प्लगिन हवंच, कारण प्रत्येक वेळी चालू केल्यावर त्याचं फर्मवेअर संगणकाकडून जातं. प्लगिन नसेल तर प्रिंटर दिसतो, काम रांगेत लागतं आणि कागद काही बाहेर येत नाही. कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट या कॅननच्या स्वतःच्या पद्धतीने चालतो आणि लिनक्सवर त्याची जुळवाजुळव कटकटीची आहे. घरात तो असेल आणि रोज छपाई असेल तर पेनड्राइव्हवरच्या चाचणीत तो चालल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास ज्यांचं डीटीपीचं काम आहे, त्यांनी थांबावं. पेजमेकर, श्रीलिपी आणि कृतिदेव यांवर वर्षानुवर्षांच्या फायली आहेत. त्या फॉन्टांची अक्षरं युनिकोड नाहीत, मिंटवर उघडल्या की नुसती रोमन गिचमिड दिसते. युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, तरी जोडाक्षरं तपासावीच लागतात. नवं काम युनिकोडमध्ये इंकस्केप आणि स्क्रायबसवर करता येतं, पण जुन्या फायलींसाठी एक विंडोज ठेवावंच लागेल. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनीही सराव संस्थेतल्या यंत्रावर आणि तिथल्याच सॉफ्टवेअरवर करावा. घरच्या मिंटवर सराव करून परीक्षेला वेगळा आराखडा समोर आला तर वेग पडतो.

टॅली विंडोजवरच चालतं. डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळाला तरी सही करवून घेणारी पोर्टलची छोटी प्रणाली चालेलच याचा भरवसा धरता येत नाही, आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता ते तपासत बसण्यात अर्थ नाही. अशा ठिकाणी दोन डिस्कांची मांडणीच बरी: एसएसडीवर मिंट, जुन्या डिस्कवर विंडोज १०, आणि त्या विंडोजमध्ये फक्त टॅली आणि सही. नावनोंदणीची मुदत संपली की त्या विंडोजवर ईमेल आणि बँक उघडू नका, पेनड्राइव्ह लावू नका. सहीपुरतं इंटरनेट जोडायचं आणि काम झालं की बूट मेनूची कळ दाबून परत मिंटमध्ये यायचं. त्या डिस्कवरचा टॅलीचा डेटा मिंटमधून रोज बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, कारण घरातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात आधी मोडणारी वस्तू तीच फिरती डिस्क आहे.